माइकपुढच्या चार रांगा

२३ आणि २४ एप्रिल २०१४ रोजी ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात एका हॉटेलच्या सभागृहात चार माइक मांडले होते. एक सरकारी प्रतिनिधींसाठी, दुसरा कंपन्यांसाठी, तिसरा नागरी संघटनांसाठी आणि चौथा तंत्रज्ञ व अभ्यासकांसाठी. अध्यक्ष आळीपाळीने एकेका रांगेतल्या माणसाला बोलायला सांगत, अधूनमधून परदेशातल्या केंद्रांवरून जोडलेल्यांनाही वेळ देत. मंत्री असो वा विद्यार्थी, घड्याळ सगळ्यांना सारखंच लागू. अर्धा मजकूर राहिला तरी वेळ संपली की माणूस बाजूला व्हायचा आणि पुढच्या रांगेचा नंबर लागायचा.

‘नेटमुंडियल’ नावाची ही परिषद इंटरनेटचा कारभार कुणी आणि कसा चालवावा, हे ठरवण्यासाठी भरली होती. अशा परिषदांबद्दल लिहिताना आपण ठरावातल्या कलमांवर बोलतो. मला त्यांच्या मांडणीबद्दल बोलायचं आहे. रांगा किती, मसुदा कुणाच्या हातात आणि शेवटच्या तासाला कुठल्या खोलीचं दार बंद होतं, यावर निम्मा निकाल लागलेला असतो.

परिषदेमागे संताप होता. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या पाळतीची कागदपत्रं उघड केली. ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्ष डिल्मा रुसेफ यांचे संवाद आणि पेट्रोब्रास ही तेल कंपनीही त्या पाळतीखाली होती, असं त्यांतून बाहेर आलं. सप्टेंबरमध्ये रुसेफ संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यावर कडक शब्दांत बोलल्या. ऑक्टोबरमध्ये इंटरनेटची तांत्रिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थांच्या प्रमुखांनी उरुग्वेच्या माँटेव्हिडिओमधून एक निवेदन काढलं. पाळतीने जगाचा विश्वास डळमळला आहे आणि इंटरनेटवरची नावं व पत्ते सांभाळणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेचा कारभार आता एका देशाच्या देखरेखीखाली राहू नये, असा त्याचा आशय होता. दोनच दिवसांनी आयकॅनचे प्रमुख फादी शेहादे ब्राझिलियाला जाऊन रुसेफ यांना भेटले आणि परिषद ठरली. तयारीला जेमतेम साडेसहा महिने उरले.

एवढ्या वेळात हे जमलं, कारण ब्राझीलकडे अशा कामाची मुरलेली सवय होती. तिथे १९९५ पासून ‘सीजीआय’ ही इंटरनेट सुकाणू समिती काम करते. तिचे २१ सदस्य असतात. त्यांपैकी नऊ सरकारचे. बाकीचे उद्योग, नागरी संघटना आणि विद्यापीठं यांच्यातले, तेही आपापल्या गटांनी निवडून दिलेले, शिवाय एक इंटरनेट-तज्ज्ञ. ‘डॉट बीआर’ या ब्राझीलच्या वेबपत्त्यांच्या नोंदणीतून येणाऱ्या पैशावर हा सगळा व्याप चालतो. म्हणजे सरकारकडे हात पसरायला नको आणि कंपन्यांकडेही नको. समितीचे तेव्हाचे समन्वयक व्हिर्जिलिओ आल्मेइदा हेच परिषदेचे अध्यक्ष होते. उद्घाटनाच्याच व्यासपीठावर रुसेफ यांनी ‘मार्को सिव्हिल’ या इंटरनेट हक्कांच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याचा मसुदाही काही वर्षांपूर्वी लोकांसमोर ठेवून, त्यांच्या सूचना घेत तयार झालेला होता.

परिषदेच्या मसुद्याचा प्रवास मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. आधी जगभरातून लेखी सूचना मागवल्या. ४६ देशांतून १८८ आल्या. त्यांवरून कच्चा मसुदा तयार करून तो सर्वांसाठी खुला केला, तेव्हा सगळ्या परिच्छेदांवर मिळून तेराशेच्या वर शेरे पडले. कुणी काय म्हटलं ते कुणालाही वाचता येत होतं. प्रत्यक्ष परिषदेत मसुदा लिहिणारे गट बसले तेव्हाही उपस्थितांना खोलीत बसून ऐकायची मुभा होती, बोलायची नव्हती. आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांचे शब्द ठरताना सामान्य माणूस समोर बसलेला आहे, हे दृश्य मुत्सद्देगिरीच्या जगात दुर्मीळच.

तरीही शेवटच्या टप्प्यात दार लोटलं गेलंच. परिषदेच्या उच्चस्तरीय समितीत शब्दांची ओढाताण झाली, आणि ज्यांच्याकडे पगारी वकील आणि अनुभवी मुत्सद्दी होते त्यांचं पारडं जड ठरलं. माहिती मिळवण्याच्या आणि वाटण्याच्या हक्काला लेखक-निर्मात्यांच्या कायदेशीर हक्कांची जोड लागली. ज्या पाळतीवरून हे सगळं सुरू झालं, तिच्याबद्दलची भाषा मवाळ झाली. नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे जोडणी देणाऱ्या कंपनीने वेबसाइट-वेबसाइटमध्ये भेदभाव करू नये हे तत्त्व, पुढे चर्चा करण्याच्या यादीत ढकललं गेलं. नागरी संघटनांनी नाराजी तिथेच बोलून दाखवली आणि ती रास्त होती. चार रांगा समान लांबीच्या आखल्या म्हणून रांगेतल्या माणसांची ताकद समान होत नाही. एका बाजूला वर्षभर हेच काम करणारा कंपनीचा अधिकारी, दुसऱ्या बाजूला तिकिटाचे पैसे गोळा करून आलेला कार्यकर्ता. आयोजकांनी प्रवासखर्चाची आणि दुभाष्यांची सोय हा नुसत्या शिष्टाचाराचा भाग मानला, की त्या परिषदेतल्या समतेचं काही खरं नसतं.

भारत या परिषदेच्या १२ सह-यजमान देशांपैकी एक होता. पण अखेरच्या निवेदनाला आपण मान्यता दिली नाही. रशिया आणि क्यूबानेही दिली नाही. २४ एप्रिलला समारोप होत होता, त्याच दिवशी मुंबई-ठाण्यात लोकसभेचं मतदान चालू होतं. जाणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी तिथे स्वतःला फार बांधून घेणार नाही हे समजू शकतं. पण कारण तेवढंच नव्हतं. २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत इंटरनेट धोरणासाठी ५० देशांची समिती सुचवली होती. तिच्यात निर्णय सरकारांचा असणार होता, इतरांनी सल्ला द्यायचा. आयकॅनवरची अमेरिकेची मक्तेदारी मोडायला हवी, हे दिल्लीचं म्हणणं योग्यच होतं. ती मोडून किल्ली सरकारांच्याच हाती द्यायची, हे मला पटत नाही. पुढे २०१५ मध्ये भारताने आपली भूमिका बदलली आणि सर्व घटकांच्या सहभागाला पाठिंबा जाहीर केला. ३० सप्टेंबर २०१६ च्या मध्यरात्री आयकॅनबरोबरचा अमेरिकी सरकारचा करारही संपला.

साओ पाउलोत लांबणीवर पडलेला नेट न्यूट्रॅलिटीचा प्रश्न भारतातल्या लोकांनी दोन वर्षांच्या आत धसाला लावला, हे आवर्जून सांगायला हवं. २०१५ मध्ये ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने मतं मागवली तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. त्यात कॉलेजची पोरं होती, छोटे उद्योजक होते, प्रोग्रॅमर होते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने वेबसाइटनुसार भेदभाव करणारे दर बंद केले आणि निवडक वेबसाइट फुकट देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना इथून गेली. म्हणजे आपल्याकडे माणसं आहेत, उत्साह आहे आणि समजही आहे. पण त्यांना बसायला कायमची जागा नाही.

सरकारचा प्रवास तर उलट दिशेने चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांचा मसुदा सरकारने काढला आणि सूचना मागवल्या. सोबत सांगितलं की आलेल्या सूचना कधीही कुणाला दाखवल्या जाणार नाहीत, नंतर नावांशिवाय सारांश प्रसिद्ध होईल. लोकांना मोकळेपणी लिहिता यावं, हे त्यामागचं कारण दिलं होतं. पण मोठ्या कंपनीने कुठलं कलम सैल करायला सांगितलं, हे ज्याची माहिती पणाला लागली आहे त्या नागरिकाला कळणार नसेल, तर ती सल्लामसलत अर्धीच राहते. ब्राझीलने २०१४ मध्येच परिच्छेदागणिक शेरे उघडे ठेवले होते आणि त्याने कुणाचं तोंड बंद झालं नाही.

आपल्याला सीजीआयसारखी समिती हवी: निवडून आलेल्या सदस्यांची, ‘डॉट इन’ आणि ‘डॉट भारत’च्या उत्पन्नावर चालणारी, आणि मराठीसकट सगळ्या भाषांतून मसुदे व सूचना घेणारी. ती होईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी इंटरनेटविषयीच्या एखाद्या नियमाचा मसुदा हरकतींसाठी निघेल, तेव्हा तो वाचा, मराठीत हरकत पाठवा, आणि तुमची सूचना इतरांच्या सूचनांसह जाहीर करावी अशी मागणी त्याच पत्रात लिहा.