आकाराचा पक्षपात

पाषाणाला इजा होते काय, या प्रश्नाला कोणीही सुज्ञ मनुष्य नकारार्थीच उत्तर देईल. पाषाणाला वेदना नाही, इच्छा नाही, हिरावून घेता येईल असा उद्याचा दिवसही नाही. तरीही काही पाषाण फोडू नयेत ही भावना अनेक समाजांत आढळते आणि प्रसंगी ती कायद्याचे रूप घेते. या भावनेचा आधार कोणता, हे पाहण्यासाठी कॅलिफोर्नियातील डेव्हिल्स पोस्टपाइल या लहानशा संरक्षित उद्यानाइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल.

सिएरा नेव्हाडा पर्वतात, सॅन वाकीन नदीच्या मध्य शाखेच्या काठी, अवघ्या ७९८ एकरांत हे उद्यान वसले आहे. हिवाळ्यात बर्फामुळे तिकडची वाट बंद असते. उन्हाळ्यात आलेला प्रवासी सूचिपर्णी वृक्षांच्या सावलीतून थोडे अंतर चालतो, तोच सुमारे साठ फूट उंचीचे काळसर पाषाणस्तंभ, एकमेकांना चिकटून, ओळीने उभे असलेले त्याला दिसतात. नावाचा अर्थही तोच : सैतानाने रचलेली खांबांची चळत. मागच्या पायवाटेने माथ्यावर गेल्यास पायांखाली जणू षट्कोनी फरशी घातलेली दिसते. हिमनदीने ती घासून गुळगुळीत केली आहे, आणि बर्फाबरोबर ओढल्या गेलेल्या दगडधोंड्यांचे समांतर ओरखडे तीवर अद्याप स्पष्ट आहेत.

वैशाखात आटलेल्या तळ्याचा चिखल ज्याने पाहिला आहे, त्याला या रचनेचे रहस्य सांगण्यास फार शब्द लागत नाहीत. एक लाख वर्षांच्या आतली ही गोष्ट. दरीत साचलेला लाव्हारस थंड होऊ लागला, आकसला आणि तडकला. तडे पृष्ठभागावर सुरू होऊन निवण्याच्या गतीने आत आत सरकत गेले. ताण कमीत कमी चिरांनी मोकळा व्हावा यासाठी षट्कोन हा सर्वांत काटकसरीचा आकार. म्हणून लाव्हा जेथे सावकाश आणि समप्रमाणात निवतो, तेथे खांब सरळ आणि षट्कोनाच्या जवळ जाणारे होतात. अन्यत्र ते वाकतात, वेडेवाकडे होतात. रचना येथे आहे, रचनाकार मात्र नाही.

इ.स. १८९० मध्ये स्थापन झालेल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हे स्तंभ प्रथम होते. १९०५ मध्ये हद्द आवळली गेली आणि ते बाहेर पडले. पुढे १९१० मध्ये हे स्तंभ सुरुंगाने उडवून नदीत पाडावेत आणि जलविद्युतीसाठी धरण बांधावे, असा प्रस्ताव आला. वनविभागातील अभियंता वॉल्टर ह्यूबर, प्राध्यापक जोसेफ ले काँट, निसर्गलेखक जॉन म्यूर यांनी त्याला विरोध केला, आणि ६ जुलै १९११ रोजी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. त्यासाठी वापरलेला १९०६ चा कायदा मुळात पुरावस्तूंच्या रक्षणासाठी केलेला होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. प्राचीन माणसांची घरे, भांडी, अवशेष यांना लूटमारीपासून वाचवावे हा त्याचा मुख्य हेतू. 'वैज्ञानिक महत्त्वाच्या वस्तू' या शब्दांच्या फटीतून पाषाणाचा त्यात प्रवेश झाला. वकिली दृष्टीने ही केवळ सोय असेल. परंतु हे स्तंभ माणसाने घडवल्यासारखे दिसले नसते, तर त्यांच्यासाठी कोणी इतकी धडपड केली असती काय? त्याच लाव्हाचा आकारहीन ढिगारा धरणात गेला असता, तर त्याची नोंदही राहिली नसती.

येथे तत्त्वज्ञानातला एक प्रसिद्ध कल्पित प्रसंग आठवतो. ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ रिचर्ड रूटली यांनी १९७३ मध्ये विचारले की, पृथ्वीवरचा शेवटचा माणूस मरण्यापूर्वी उरलेली सारी जीवसृष्टी नष्ट करू लागला, तर त्याने काही वाईट केले असे म्हणता येईल काय? कोणाही माणसाचे नुकसान होत नाही, तरीही मन 'होय' म्हणते. रूटलींच्या प्रसंगात निदान जीव होते. जीवांच्या जागी हे स्तंभ ठेवले, तर मन अडखळते. आणि स्तंभांच्या जागी बेढब खडक ठेवला, तर ते गप्प बसते. बरे, निसर्गाची साक्ष काढावी तर तोच सर्वांत मोठा फोडणारा. या लाव्हाचा बराचसा भाग हिमनदीनेच खरवडून नेला, आणि गोठणाऱ्या पाण्याने निखळलेल्या खांबांची रास आजही पायथ्याशी पडलेली आहे. ती उचलून पुन्हा उभी करावी असे कोणी म्हणत नाही. म्हणजे दोष तुटण्यात नसून तोडणाऱ्याच्या हेतूत शोधला जातो; पाषाणाच्या निमित्ताने खटला माणसावर चालतो.

हाच खटला मुंबईत अधिक बिकट होतो. अंधेरीतील गिल्बर्ट हिल हा सुमारे दोनशे फूट उंचीचा, सहा कोटी वर्षांइतका जुना सुळका याच जातीच्या स्तंभांचा आहे. इमारती आणि झोपड्या यांच्या मधोमध तो उभा आहे. खाणकामाने त्याच्या कडा खाल्ल्या. २००७ मध्ये महापालिकेने त्याला वारसास्थळाचा दर्जा दिला. दख्खनच्या पठारावर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांत अशाच लाव्हाचे थर पसरलेले आहेत. वेरूळचे कैलास लेणे त्यातूनच कोरले गेले. जाते आणि पाटा-वरवंटा त्याचेच, रस्त्याची खडीही त्याचीच. पिढ्यानपिढ्या दगड फोडून जगणाऱ्या वडाराला 'हा खडक तुझ्या भाकरीहून जुना आहे' असे ऐकवणे सोपे आहे. ऐकवणाऱ्याचे घर त्याच खडीवर उभे असते. मात्र ही सहानुभूतीही सावधपणे वापरावी लागते. खाण वडाराच्या मालकीची क्वचितच असते; त्याची भूक कंत्राटदाराच्या बाजूने साक्षीला उभी केली जाते आणि निकाल लागताच विसरली जाते. दगड कोणत्या रेषेत फुटेल हे ज्याला घणाच्या आवाजावरून कळते, त्याला स्तंभांचे मोल कळणार नाही असे गृहीत धरण्यास तर काहीच आधार नाही.

आकाराच्या या पक्षपाताला मराठी मुलखात एक जुना अपवाद आहे. येथे देव पुष्कळदा तांदळ्याच्या रूपात असतो : नाक-डोळे नसलेला, कोणी न घडवलेला, शेंदूर फासलेला दगड. त्याला पूज्य होण्यासाठी माणसासारखे किंवा माणसाच्या कृतीसारखे दिसावे लागत नाही. पण शेंदूर एका दगडाला लागतो. शेजारचा दगड बांधाला जातो, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. गिल्बर्ट हिलच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. वर चढणाऱ्यांपैकी बहुतेक जण देवीसाठी येतात, भूशास्त्रासाठी नव्हे. ज्या पायऱ्यांनी ते चढतात, त्या सुळक्याच्याच अंगात, त्याचे स्तंभ तोडून कोरलेल्या आहेत.