जामीन झाला, आता जामीनदार आण

विटा, बुधवार रात्र

चि. बाळास,


दुपारी तू फोनवर इतकं भरभर बोललास की मला 'धाकटा', 'कोइमतूर' आणि 'पोलीस' एवढे तीनच शब्द कळले. तेवढे पुरले. सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्याच्या घरात हे तीन शब्द एका दमात आले की चौथा विचारावा लागत नाही. कुणीतरी साखळी आणून विकली, धाकट्याने ती मुशीत टाकली, पुढे चोर सापडला आणि त्याने दुकान दाखवलं. खानापूर-आटपाडीकडची आपली माणसं पोटासाठी जिथे जिथे भट्टी लावून बसली, तिथे तिथे ही गोष्ट पोचलेली आहे.

उद्या सोलापुरातून कोइमतूरच्या गाडीत बसशील. हे पत्र आज रात्रीच वाच, गाडीत पुन्हा वाच. हाताने लिहितोय, सूनबाई फोटो काढून पाठवेल.

सगळ्यात आधी कलम कुठलं लागलंय ते बघ. एफआयआरची प्रत माग, नुसतं तोंडी ऐकू नकोस. चोरीचा माल घेणं हे पूर्वी ४११ होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं ३१७ (२) झालं. जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा, पण अजामीनपात्र, म्हणजे जामीन कोर्टाकडूनच घ्यावा लागतो. त्याच कलमातलं पोटकलम (४) मात्र सराईतपणे चोरीच्या मालाचा धंदा करणाऱ्यासाठी आहे आणि त्याची मजल जन्मठेपेपर्यंत जाते. कंसातला एक आकडा बदलला की सगळं बदललं. नुसतं (२) असेल तर वकिलाला पहिल्याच दिवशी विचार, की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते, ती दिली होती का? सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. वकिलाला ते माहीत असतंच, पण घरच्यांनी विचारलं की तो ते बोलतो.

आता माझी गोष्ट सांगतो. तू पाळण्यात होतास तेव्हा मीही असाच आत होतो. गावाचं नाव काढत नाही. नवव्या दिवशी माझा जामीन झाला आणि सुटलो अठ्ठाविसाव्या दिवशी. मधले एकोणीस दिवस मी कायद्याने सुटलेला होतो आणि तरी गजाआड होतो, कारण जामीनदार मिळेना. तुझे आजोबा तीन गाड्या बदलून सातबारा घेऊन आले. तिथल्या बाबूने तो उलटा धरला, मग सुलटा धरला, मग पुन्हा उलटा. मराठीतला कागद, जमीन पणजोबांच्या नावावर, खाली पाच हिस्सेदार आणि 'इतर हक्कात' सोसायटीचा बोजा. वर साहेबांचं म्हणणं, जामीनदार इथलाच हवा. आजोबा व्हरांड्यात धोतराचा सोगा हातात धरून बसून राहिले. शेवटी उभा राहिला तो एक आसारी, तिथला सोनार. पाच वर्षं त्याचं सोनं मी गाळून दिलं होतं, एक गुंजही कमी-जास्त केली नव्हती. तो घरपट्टीची पावती घेऊन आला, सही केली आणि चहासुद्धा न घेता गेला.

तेव्हापासून माझं एकच सांगणं आहे. अटक झाली की लोक जामिनाच्या हुकमामागे धावतात आणि जामीनदार हुकूम झाल्यावर शोधतात. तू उलटं कर. तू तिकडे जा, इथले कागद मी आजपासून गोळा करतो.

तिकडच्या हुकमात बहुधा दोन जामीनदार मागतात आणि त्यातला एक रक्ताच्या नात्यातला. फोटो, डाव्या अंगठ्याचा ठसा, आधार किंवा बँकेचं पासबुक असं सगळं लागतं. रक्ताचा म्हणजे तूच. पण तू त्याचा सख्खा भाऊ हे कोइमतूरच्या कोर्टाला कसं कळणार? वाटण्या झाल्यापासून तुमची रेशनकार्डं वेगळी. म्हणून दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले घे, त्यावर बापाचं आणि आईचं नाव आहे. आधारवर तुझं आडनाव इंग्रजीत एका तऱ्हेने आणि पासबुकावर दुसऱ्या तऱ्हेने आहे, मी बघितलंय. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र उद्या सकाळी गाडीआधी करून घे. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, तिथे मात्र त्यापायी चार दिवस जातात. दुसरा जामीनदार तिथलाच कुणी मिळाला तर उत्तम. धाकट्याचं ज्या आसारींशी नीट जमतं त्यांना भेट, दुकानाच्या घरमालकाला भेट. हात जोडून माग, पैसे देऊन मागू नकोस.

इथून दुसरा जामीनदार न्यायचा झालाच तर डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ, तहसीलदाराचा ऐपतदाखला आणि या सगळ्याचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर. ते मी बघतो. पण वकिलाला जामीनअर्जातच लिहायला सांग, की स्थानिक जामीनदाराची अट घालू नये. हे काही उपकार मागणं नव्हे. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी रक्कम हजारावर आणली आणि दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून जामीनदार नाकारता येणार नाही असं बजावलं. ३१ जानेवारी २०२३ ला त्याच कोर्टाने पुन्हा सांगितलं, की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहाने माणसं अडकून पडतात, तशी अट टाळावी. महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर अट सैल करण्याचा विचार कोर्टाने आपणहून करावा, हेही त्यातच आहे. माझ्या वेळी मोतीरामचा निकाल होताच की! मला माहीत नव्हता, माझ्या वकिलाला असला तरी तो बोलला नाही.

वकिलाचं सांगतो. ठाण्यातला शिपाई ज्याचं कार्ड हातात देईल तो घेऊ नकोस. तिथल्या आपल्या गलाईवाल्या मंडळींना विचार, आजवर कुणाला कुणी सोडवलं. फी ठरवताना 'जामिनापर्यंत' नाही, 'सुटकेपर्यंत' असं ठरव. यात मी एकदा फसलोय. वकिलाने हुकूम हातात ठेवला आणि जामीनदाराच्या कागदांचे पैसे वेगळे मागितले. पैशाची फारच ओढाताण झाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं आहे. १५१०० वर फोन लागतो.

आणि तुझ्या आईला समजाव, की पंचवीस हजारांचा जामीन म्हणजे पंचवीस हजार रुपये देणं नव्हे. ती हमी आहे, माणूस पळाला तर वसूल होणारी. ती आत्ताच पाटल्या काढून बसली आहे. कोर्टाच्या दारात भाड्याचे जामीनदार भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. आपण किती जणांना जामीन राहिलो हे जामीनदाराला लिहून द्यावं लागतं, आणि खोटं उघडकीला आलं की धाकटा पुन्हा आत.

सोन्याबद्दल. 'एवढे तोळे आणून द्या, प्रकरण मिटवू' असं कुणी म्हणालं तर वकिलाशिवाय एक वालसुद्धा द्यायचा नाही. जे जाईल ते जप्तीच्या पंचनाम्यावर लिहून जाईल. कायदा विचारतो ते एवढंच, की माल चोरीचा आहे हे त्याला ठाऊक होतं का, किंवा तसं वाटायला कारण होतं का. म्हणून खरेदीचं रजिस्टर, टंचाची चिठ्ठी, विकणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स, त्या दिवसाच्या भावाने पैसे दिल्याची नोंद, कॅमेऱ्याचं चित्रण, सगळं जागच्या जागी जपून ठेव. कॅमेऱ्यावरचं जुनं आपोआप पुसलं जातं, ते पहिल्यांदा उतरवून घे. रजिस्टरात मागच्या तारखेची एक ओळही घालू नकोस. नवी शाई लगेच ओळखू येते.

त्याने खरंच विचारपूस न करता घेतलं का? मला माहीत नाही. रात्री शटर अर्धं खाली ओढून स्वस्तात मिळणारं सोनं कसलं असतं, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण आता भेटीत ते विचारू नकोस. तिथे भिंतीला कान असतात, आणि तो आधीच मेल्याहून मेला झालेला असेल. जेवलास का, औषध घेतलंस का, एवढंच विचार.

तारखा वहीत लिहून ठेव. अटकेपासून प्रवास वगळून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे. कलम नुसतं (२) असेल आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काचा, पण अर्ज करावा लागतो, आपणहून कुणी सोडत नाही. सुटायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या कुठल्या ठाण्याने त्याच्यावर वॉरंट पाठवलंय का ते जेलमध्ये विचारून घे. फाटकातून बाहेर पाऊल टाकतोय तोच दुसऱ्या गाडीत बसवल्याचं मी पाहिलंय. सुटल्यावर रोज सकाळी ठाण्यात सहीची अट पडली तर एकही दिवस चुकवायचा नाही. पुढे ती सैल करून घेता येते. म्हणजे धाकटा लगेच गावी येणार नाही, हे घरात आत्ताच सांगून टाक. तुझ्या आईला आधी 'नुसतं चौकशीला बोलावलंय' असं सांगितलंस, ते मला पटलं नाही. तिने यापेक्षा वाईट दिवस काढलेत.

तमिळ तुला येत नाही. दुकानातला पोरगा बरोबर ठेव, वाचून घेतल्याशिवाय कशावरही सही नको. धाकट्यासाठी कपड्यांचा एक जोड आणि चपला ने. मी अनवाणी बाहेर आलो होतो.

उद्या दहा वाजता मी तहसीलमध्ये आहे. तुझ्या आईच्या नावचा आठ-अ कुठल्या पेटीत आहे तेवढं आज रात्रीच कळव.

तुझा,
आण्णा काका