अवताराचे डोळे

चि. ओंकार,

क्वेस्ट प्रो हेडसेट सेकंडहँड मिळाला, आता व्हीआरचॅटमध्ये आय-ट्रॅकिंग चालू करू का, असं तू विचारलंस. माझा गेमशी संबंध नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणजे प्रश्न डोळ्यांच्या डॉक्टरला आहे असं धरते.

तिरळेपणाची शंका असलेलं मूल आलं की आम्ही समोरून टॉर्च धरतो आणि उजेडाचा ठिपका बुबुळावर कुठे चमकतो ते बघतो. दोन्ही डोळ्यांत सारख्याच जागी असला तर ठीक. एका डोळ्यात मिलिमीटरभर सरकला असेल, तर तो डोळा साधारण ७ अंशांनी वळलेला. ही हिर्शबर्ग चाचणी. आय-ट्रॅकिंगच्या बहुतेक हेडसेटमध्ये याच जातीचं काम चालतं. भिंगांभोवतीचे इन्फ्रारेड दिवे आपल्याला दिसत नाहीत, पण छोटे कॅमेरे बाहुली आणि त्या दिव्यांची चमक टिपत राहतात. सुरुवातीला ठिपक्यांकडे बघायला लावून कॅलिब्रेट करतात, कारण डोळ्याचा मध्य आणि नजरेची रेषा नेमकी जुळत नाही. काही अंशांचा फरक असतो, आणि तो प्रत्येकाचा निराळा.

ट्रॅकिंग नसतं तेव्हाही तुझ्या अवताराचे डोळे हलतातच. जवळच्या चेहऱ्यांकडे ते आपसूक वळतात, सगळी व्हीआरचॅटची करामत. समोरच्याला वाटतं, ओंकार किती मन लावून ऐकतोय! मला यात काही गैर वाटत नाही. लग्नाच्या पंगतीत आपण दुसरं काय करतो?

खऱ्या नजरेचा फायदा मात्र मोठा आहे. संशोधक ॲडम केंडन यांनी १९६७ साली दाखवलं होतं, की बोलणारा माणूस मध्येच नजर काढून घेतो आणि बोलणं संपवत आणताना पुन्हा ऐकणाऱ्याकडे बघतो. तेवढ्यावरून समोरच्याला कळतं, आता आपली पाळी. बनावट नजरेला हे जमत नाही. व्हीआरचॅटवर मित्रांच्या घोळक्यात सगळे एकदम बोलायला लागतात, त्याचं एक कारण हेही असणार.

पण नजर पाळीपुरतं सांगून थांबत नाही. रशियात संशोधक आल्फ्रेड यार्बस यांनी चित्रकार रेपिनचं एकच चित्र एकाच माणसापुढे ठेवलं आणि प्रश्न बदलले: चित्रातल्या माणसांची वयं किती, घरची परिस्थिती कशी? प्रश्न बदलला की डोळ्यांची वाटही बदलली. डोक्यात काय चाललंय त्याचा माग डोळ्यांत उमटतो, आणि तो पुरता आपल्या हातात नसतो.

याचा पुरावा २०२४ साली मिळाला. ॲपलच्या व्हिजन प्रो हेडसेटमध्ये कीबोर्डवरच्या अक्षराकडे बघून टाइप करता येतं. संशोधकांनी व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या अवताराचे फक्त डोळे बघून माणूस काय टाइप करतोय याचा अंदाज बांधून दाखवला, पासवर्डसुद्धा. हेडसेट हॅक करायची गरजच पडली नाही. ॲपलने मग कीबोर्ड उघडला की अवतार थांबेल अशी सुधारणा केली. तुझा क्वेस्ट प्रो बनवणारी मेटा सांगते की डोळ्यांची छायाचित्रं हेडसेटमध्येच वापरून पुसली जातात. बरं आहे, पण तुझा अवतार कुठे बघतोय हे खोलीतल्या सगळ्यांना दिसणारच. त्यासाठीच तर तू हे चालू करणार आहेस.

माझं म्हणशील तर ओळखीच्या लोकांत खुशाल चालू ठेव. अनोळखी खोलीत शिरलास की बंद कर, तिथे बनावट नजर पुरे.

आता तुझ्यापुरतं. दमलास की तुझा डावा डोळा बाहेर सरकतो. आजवर कुठल्याही अवताराने ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगू शकेल. व्हीआरचॅटला दोन्ही डोळ्यांच्या दिशा वेगवेगळ्या पाठवता येतात किंवा दोन्ही मिळून एकच. नको वाटलं तर एकच पाठव. अवताराचे डोळे वेडेवाकडे दिसले म्हणून लगेच घाबरूही नकोस. हेडसेट नाकावर जरासा घसरला तरी असं होतं, पुन्हा कॅलिब्रेट कर. पण हेडसेट काढल्यावर एकाचे दोन दिसायला लागले, तर दिवाळीतल्या भेटीची वाट न बघता आधी फोन कर.

तुझी,
मावशी