आधी मासे, मग टाकी

शास्त्रभाग : उत्पत्ती २:७-८, १८, योहान १४:२-३



आमच्या घरी दोन एंजल मासे व कोरीडोरास जातीचे चार लहान मासे आहेत. जुनी टाकी अपुरी पडू लागली, तेव्हा तीन फूट लांब, एक फूट रुंद व दीड फूट उंच अशी नवी टाकी घेण्याचे ठरले. धाकट्या चिरंजीवांनी कागदावर आराखडा काढला : तळाला टोकदार रंगीत खडे, मधोमध जोराचे कारंजे आणि चमकणारे निऑन टेट्रा. आमच्या शेजारच्या काकांचा मासे पाळण्याचा अनुभव दांडगा. त्यांनी तो कागद पाहून एकच प्रश्न विचारला, "बाळ, या चित्रात तुझे मासे कुठे आहेत?"

मग त्यांनी समजावून सांगितले. एंजल मासा उभट अंगाचा. त्याला पाण्याची उंची हवी आणि पाणी संथ हवे. कोरीडोरास मिशांनी तळ चाचपून अन्न शोधतो. टोकदार खड्यांनी त्या मिशा दुखावतात, म्हणून त्याला मऊ वाळू हवी. वाढलेल्या एंजलच्या दृष्टीने बारीक निऑन हा शेजारी नव्हे, भक्ष्य होय! शिवाय नवे पाणी नितळ दिसले तरी लगेच राहण्याजोगे नसते. माशांच्या उत्सर्जनातून विषारी अमोनिया होतो. सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळ कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू गाळणीच्या स्पंजात वस्ती करतात, आणि नव्या टाकीत ती वस्ती वाढण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून जुना मळकट स्पंज फेकायचा नाही, नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुवायचाही नाही. तो नव्या गाळणीत जपून ठेवायचा.

त्या रात्री मला माझ्या आईची आठवण झाली. वडील प्रभूकडे गेल्यावर मी तिला गावाहून शहरात आणले. तिच्यासाठी खोली रंगवली, नवा पलंग घेतला. तिची सुंभाची बाज आणि पाने सुटलेले उपासना संगीत मात्र जुनाट म्हणून गावीच ठेवले. आई म्हणाली, "खोली चांगली आहे रे, पण मी बसू कुठं?" मी हसलो. दुसऱ्या वर्षी ती गेली. माझ्या आराखड्यात सर्व काही होते, आई नव्हती.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी जल आहे, मग जलचर. दुसऱ्या अध्यायाचे कथन मात्र निराळ्या क्रमाने चालते. देव मनुष्याला घडवतो, मग बाग लावतो आणि मग त्याला तेथे ठेवतो. काही इंग्रजी भाषांतरांत बाग 'लावली होती' असा अर्थ घेतला आहे, आणि भाषांतर करणाऱ्याला त्या पर्यायाचा विचार करावाच लागतो. तरी हिब्रू क्रियापदांचा सरळ ओघ मला बोलका वाटतो. ज्याला राहायचे आहे तो देवाच्या डोळ्यांपुढे आहे, आणि बाग त्याच्यासाठी लावली जात आहे. पुढे अठराव्या वचनात त्याचे एकटेपणही देवाच्याच ध्यानात येते. मनुष्याने तक्रार केल्याचा तेथे उल्लेख नाही.

प्रभू येशू शिष्यांना जागा तयार करण्याविषयी सांगतो, तेही असेच. ऐकणाऱ्यांत पेत्र होता. तो नाकारील हे प्रभूने नुकतेच सांगितले होते. शंका काढणारा थोमा होता. प्रभू त्यांना ओळखत होता, आणि जागा त्यांच्यासाठीच होती.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांत नव्या इमारती उभ्या राहतात, उपासनेचे नवे क्रम ठरतात. ते चांगलेच आहे. पण आराखडा मंजूर करण्याआधी विचारू या : पायरी चढू न शकणारी आजी यात कुठे आहे? आपल्या बोलीत प्रार्थना करणारा मजूर कुठे आहे? ज्यांच्या श्रद्धेवर मंडळी आजवर जगली, त्यांना जुना स्पंज समजून आपण टाकून तर देत नाही ना?

आमची टाकी आता उभी आहे. कारंजे नाही, निऑन नाहीत. तळाला वाळू आहे आणि मासे निर्धास्त फिरत आहेत.

हे प्रभू, आम्ही नवे काही उभारण्यापूर्वी, तू आमच्या हाती सोपवलेल्यांना पाहण्याची दृष्टी आम्हांस दे. आमेन.