खलनायकामागचा नागरिक

नटाचे मोठेपण त्याने वठविलेल्या भूमिकांच्या संख्येवरून ठरविण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ असला, तरी ज्या समाजात तो घडला त्या समाजाकडे तो कोणत्या दृष्टीने पाहत होता, हे विचारल्यावाचून त्याच्या कलेचे मर्म हाती लागत नाही. सदाशिव अमरापूरकर यांच्याविषयी बोलताना, पडद्यावर इतका दुष्ट दिसणारा माणूस प्रत्यक्षात किती सज्जन होता, असे आपण आश्चर्याने म्हणतो. माझ्या मते यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही; त्यांच्या खलनायकाचे आणि त्यांच्या समाजकार्याचे मूळ एकच आहे.

आम्हा पारनेर तालुक्यातील सुप्याच्या लोकांना नगर हे पिढ्यान् पिढ्या कचेरीचे, बाजाराचे आणि नाटकाचे गाव. प्रा. मधुकर तोरडमलांसारखा नाटककार-नट ज्या नगरात इंग्रजी शिकवीत होता, त्याच नगरात ११ मे १९५० रोजी जन्मलेल्या अमरापूरकरांना रंगभूमीची गोडी लागली. इतिहास हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आणि १९७९ च्या '२२ जून १८९७' या चित्रपटात त्यांनी टिळक उभे केले, पुढे श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज' या मालिकेत महात्मा फुले साकारले, तेव्हा तो अभ्यास त्यांच्या कामी आला असला पाहिजे. 'हॅण्ड्स अप' या नाटकातील त्यांचे काम पाहून गोविंद निहलानींनी त्यांना 'अर्धसत्य'साठी निवडले.

१९८३ च्या या चित्रपटातील रामा शेट्टीपाशी थोडे थांबले पाहिजे. फौजदार अनंत वेलणकर त्यालाच ताब्यात घेण्यासाठी त्याच्या दारात येतो, तेव्हा रामा शेट्टी शस्त्र उचलत नाही, आवाज चढवीत नाही. तो केवळ एक दूरध्वनी करतो, आणि क्षणार्धात वरून हुकूम सुटून फौजदाराला रिकाम्या हाताने परतावे लागते. ज्याच्या शब्दावर दफ्तरे हलतात त्याला ओरडावे लागत नाही, हे सत्य तालुक्याच्या कचेरीत खेटे घातलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते; हिंदी चित्रपटाला ते तोवर क्वचितच दिसले होते. विजय तेंडुलकरांच्या पटकथेतील ही जरब नटाच्या अंगी उतरली, ती सत्तेचे वर्तन न्याहाळण्याच्या सवयीमुळे, असे मी समजतो. या भूमिकेला फिल्मफेअरचा पुरस्कार लाभला. पुढे 'सडक'मधील महाराणी या तृतीयपंथी खलनायिकेसाठी, खलभूमिकेकरिता त्या वेळी नव्यानेच सुरू झालेल्या पुरस्काराचे ते पहिले मानकरी ठरले. त्यानंतर व्यावसायिक चित्रपटाने त्यांना पुष्कळदा ठरीव साच्यात कोंबले, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु तो दोष साच्याचा होता.

सत्ता कोणाला चिरडते हे ज्याने ओळखले, त्याने चिरडल्या जाणाऱ्यांच्या बाजूस उभे राहावे हे क्रमप्राप्तच होते. अंधश्रद्धा निर्मूलन समिती, सामाजिक कृतज्ञता निधी आणि नगरचे स्नेहालय या कार्यांशी त्यांचा जो संबंध राहिला, तो याच जाणिवेतून. २०१३ च्या धुळवडीला, महाराष्ट्र भीषण दुष्काळाने होरपळत असताना, मुंबईत आपल्या वस्तीशेजारी चाललेल्या पाण्याच्या उधळपट्टीस त्यांनी हरकत घेतली, तेव्हा साठी उलटलेल्या या नटाला धक्काबुक्की सोसावी लागली. पारनेर तालुक्यात टँकरची वाट पाहत रांगेत हंडे मांडणाऱ्या आणि शेजारच्या राळेगणसिद्धीत पाणी अडविण्यासाठी गावाने केलेले श्रम डोळ्यांनी पाहिलेल्या आम्हा लोकांना त्या हरकतीचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. आपल्या मुलखाची तहान तो मुंबईत राहून विसरला नव्हता.

३ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि अंत्यसंस्कार नगरातच झाले. आज आमच्या भागातून एकांकिका स्पर्धांना जाणाऱ्या तरुणांना संवादफेक आणि पदन्यास शिकविणारे पुष्कळ भेटतात. त्यांना इतिहास वाचावयास लावणारे, कचेरीच्या ओट्यावर बसून माणसे पाहावयास सांगणारे आणि सार्वजनिक अन्यायाविरुद्ध बोलण्याचे धैर्य देणारे गुरू मात्र विरळा. अमरापूरकरांचे स्मरण खरोखर करावयाचे असेल, तर नट घडविणाऱ्यांनी आधी नागरिक घडवावा, एवढीच माझी विनंती आहे.