गल्ल्यातले आपले किती?

शास्त्रभाग : २ राजे ४:१-७



अलीशा संदेष्ट्याकडे धावत आलेल्या विधवेची गोष्ट आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहोत. तिचा पती संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक होता, देवाचे भय धरणारा होता; परंतु मागे कर्ज ठेवून गेला. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून नेण्यास आला होता. घरात तेलाच्या एका बुधलीखेरीज काही उरले नव्हते. संदेष्ट्याच्या सांगण्यावरून तिने शेजारपाजारची रिकामी भांडी आणली, दार लावून घेतले आणि ती तेल ओतू लागली. भांडी संपली तेव्हाच तेल थांबले.

या भागावर बोलताना आपण बहुधा येथेच थांबतो. चमत्कार येथे संपतो, तेव्हा आपले लक्षही येथेच संपते. परंतु गोष्ट सातव्या वचनापर्यंत जाते. भरलेली भांडी घरात ठेवून ती बाई पुन्हा संदेष्ट्याकडे गेली. आता काय करावे, हे तिने स्वतःच्या मनाने ठरवले नाही. त्याने तिला तीन कामे सांगितली आणि ती क्रमवार सांगितली : तेल विकावे, देणे फेडावे, आणि मागे राहील त्यावर मुलांसह गुजराण करावी. चमत्कार झाला म्हणून कर्ज माफ झाले नाही, हे ध्यानात घ्या. देवाने तेल दिले. ते बाजारात नेण्याचे आणि सावकाराचा हिशेब चुकता करण्याचे काम त्याने तिच्याकडेच ठेवले.

हा क्रम आज आपल्या मंडळ्यांनी मनावर घेण्याजोगा आहे. बेळगाव असो, इंदूर, बडोदे वा हैदराबाद असो, आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांनी रेल्वेत, मिशनच्या शाळांत व दवाखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या केल्या. महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार हाती येई आणि त्यात संसार चाले. आज त्यांची मुले व नातवंडे शिवणकाम करतात, केकची भट्टी चालवतात, छपाईचे किंवा मोबाईल-दुरुस्तीचे दुकान टाकतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नोकरी आणि धंदा यांत एक मोठा भेद आहे आणि तो घरात कोणी शिकवलेला नसतो. पगारदाराच्या हाती पडलेला पैसा त्याचा असतो. धंदेवाल्याच्या हाती पडलेला पैसा बहुतांशी दुसऱ्यांचा असतो. हा भेद न उमगल्यामुळे मेहनती, प्रार्थनाशील माणसांचीही दुकाने बंद पडतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपली एक भगिनी नाताळच्या महिन्यात साठ हजार रुपयांचे केक व फराळ विकते. गल्ला भरलेला दिसतो. पण मैदा, साखर, लोणी व सुकामेवा यांचे तीस हजार व्यापाऱ्याला द्यावयाचे आहेत. मदतीला येणाऱ्या दोघींची मजुरी आठ हजार. भाडे, वीज व गॅस मिळून सात हजार. भट्टीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता पाच हजार. येथवर पन्नास हजार झाले. भट्टी झिजते, ती पुढेमागे बदलावी लागेल. त्यासाठी दोन हजार बाजूला ठेवले, तर तिचे स्वतःचे आठ हजार राहतात. हीच तिची मिळकत. आता २४ डिसेंबरला गल्ला पाहून तिने वीस हजारांची वस्तू घरात आणली, तर ती कोणाच्या पैशाने आणली? आठ हजार तिचे. बारा हजार दुसऱ्यांचे. जानेवारीत व्यापारी दाराशी येईल तेव्हा तिला वाटेल, धंद्यात बरकत नाही. धंदा चांगलाच होता. क्रम चुकला.

म्हणून गल्ल्याकडे पाहताना प्रथम विचारावे, यात कोणाकोणाचा वाटा आहे?

पहिला वाटा मजुराचा. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवून घेण्यास देवाने मनाई केली आहे, आणि याकोब ५:४ मध्ये अडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते असे प्रेषित सांगतो. गिऱ्हाइकाने आपले पैसे थकवले, ही मजुराला सांगण्याची सबब होऊ शकत नाही.

दुसरा वाटा माल देणाऱ्याचा. त्याने विश्वासाने माल दिला. ठरल्या दिवशी पैसे पोचले तर पुढच्या वेळी तोच चांगला माल आपल्यासाठी राखून ठेवतो. लहान दुकानदाराला याहून मोठे भांडवल नाही.

तिसरा वाटा सरकारचा. १ जुलै २०१७ पासून आपल्या देशात जीएसटी लागू झाला. ज्यांच्या बिलावर हा कर लावला जातो, त्यांनी तो गिऱ्हाइकाकडून सरकारच्या वतीने घेतलेला असतो. तो आपल्या हातातून जातो एवढेच; आपला नसतो. कैसराच्या नाण्याविषयी प्रभूने काय शिकवले, हे सांगावयास नको.

कोणी विचारील, मग प्रभूचा वाटा? तो सर्वांआधी नको काय? होय, आपल्या मिळकतीतून प्रभूचा वाटा आधी. परंतु जो पैसा मुळात मैद्याच्या व्यापाऱ्याचा, तो आपली मिळकतच नव्हे. अरवनाने खळे व बैल फुकट देऊ केले असता दावीद राजाने ते नाकारले. ज्यासाठी आपणास काही मोल पडले नाही ते देवाला अर्पण करण्यास तो तयार झाला नाही (२ शमुवेल २४:२४). मग दुसऱ्याचे देणे थकवून मंडळीत मोठी वर्गणी देणे हे कसे अर्पण म्हणावे? व्यापाऱ्याच्या पैशावर आपले नाव घालून देणे झाले ते. आठ हजारांतून प्रामाणिकपणे दिलेले आठशे रुपये प्रभूला अधिक मान्य होतील, अशी आमची खात्री आहे.

आता हा क्रम पाळावा कसा? त्यासाठी फार शिकलेला माणूस लागत नाही. बँकेत दुकानाचे खाते व घराचे खाते वेगळे असावे. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून गिऱ्हाइकाचे पैसे मोबाईलवरून क्षणात जमा होतात, आणि दुकानाची जमा व घरचा खर्च एकाच खात्यात मिसळून जाणे फार सोपे झाले आहे. दुकानातून स्वतःसाठी दरमहा एक ठराविक रक्कम घ्यावी आणि तेवढ्यातच घर चालवावे. चांगल्या महिन्यात जे जास्त राहील ते मंद महिन्यांसाठी ठेवावे. रोज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी जमा, खर्च, येणे व देणे चार ओळींत लिहावे. आणि शनिवारी संध्याकाळी तासभर बसून आठवड्याची वही पाहावी, म्हणजे प्रभूच्या दिवशी मन उपासनेत राहील, देणेकऱ्यांच्या मागे भटकणार नाही. नीतिसूत्रे २७:२३ मध्ये आपल्या कळपांची स्थिती नीट जाणून घ्यावी असा उपदेश आहे. आपल्या दुकानदाराचा कळप त्याच्या वहीत असतो.

आणखी एक गोष्ट. ही वही पत्नीला किंवा पतीला दाखवावी. संदेष्ट्याच्या त्या शिष्याने आपले कर्ज घरात सांगितले होते की नाही, हे शास्त्र सांगत नाही. परंतु फेडण्याचा प्रसंग त्याच्यामागे त्याच्या बायकोवर आला, आणि तारण म्हणून मुले जाण्याची वेळ आली, हे सांगते. देवाचे भय धरणारा माणूसही उद्या असेलच असे नाही. आपले देणे किती, येणे किती, कागद कोठे, हे घरच्यांना माहीत नसेल, तर आपण त्यांच्यासाठी काय ठेवून जात आहो?

येथवर दुकानदाराला सांगितले. आता आपल्या सर्वांना.

त्या विधवेला शेजाऱ्यांनी भांडी दिली. भांडी रिकामी होती. तेल देवाचे होते. तथापि भांडी मिळाली तेवढेच तेल आले. आपल्या मंडळीतल्या लहान धंदेवाल्याला आपण काय देतो? पुष्कळदा आपण त्याच्याकडून भरलेले भांडे घेऊन जातो आणि पैसे पुढल्या रविवारी देऊ म्हणतो. पुढला रविवार येतो. दोघेही एकाच प्रभुभोजनाला बसतात. घेणारा विसरलेला असतो आणि देणाऱ्याला मागण्याची लाज वाटते. परका गिऱ्हाईक रोख देतो आणि आपला माणूस उधारी ठेवतो, असा अनुभव आला म्हणजे दुकानदाराच्या मनात मंडळीविषयीच कडूपणा येतो. रोमकरांस १३:८ मध्ये कोणाचेही ऋण न ठेवण्याविषयी पौल लिहितो, ते बँकेपुरते नाही, केकपुरतेही आहे.

दुकानदारानेही आपले कर्तव्य करावे. उधारी किती व किती दिवस, हे आधीच सांगावे आणि लिहून ठेवावे. थकबाकी मंडळीच्या दाराशी मागू नये. घरी जाऊन शांतपणे मागावी. एखादे कुटुंब खरोखर अडचणीत असेल तर त्याला उधार नव्हे, दान द्यावे, आणि ते आपल्या आठ हजारांतून द्यावे. उधारी आणि दान यांची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात.

आपल्या संस्थांनीही हे ऐकावे. शाळेचे गणवेश शिवणारा, वार्षिक अहवाल छापणारा हा बहुधा लहान माणूस असतो. माल बनवणाऱ्या व सेवा देणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा २००६ साली झाला आहे. जे कायदा परक्याकडून करवतो, ते प्रभूच्या नावाने चाललेल्या संस्थेला सांगावे लागू नये.

इंग्लंडातील क्वेकर मंडळीने सतराव्या शतकापासून या बाबतीत एक नमुना घालून दिला. त्यांचे दुकानदार घासाघीस न करता एकच भाव सांगत. लहान मूल बाजाराला पाठवले तरी ते फसणार नाही, अशी त्यांची ख्याती झाली. सभासदांनी आपल्या व्यवहाराची नियमाने पाहणी करावी, असा उपदेश त्यांच्या सभा करीत. एखाद्याचे देणे थकू लागले तर जाणती माणसे त्याच्याकडे जात. बुडण्यापूर्वी सांगण्यास जागा असणे, हेही एक रिकामे भांडेच आहे. आपल्या मंडळीत अशी दोन-तीन विश्वासू, हिशेब जाणणारी माणसे पाळकांनी नेमावीत, असे आम्ही सुचवतो.

१८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे डॉ. विल्यम केरी हे मूळचे जोडे शिवणारे. बंगालात आल्यावर काही वर्षे त्यांनी निळीच्या कारखान्याचा कारभार पाहिला. पुढे श्रीरामपुरास त्यांचा फोर्ट विल्यम कॉलेजचा पगार, मार्शमन दांपत्याच्या शाळांची मिळकत आणि वॉर्ड यांच्या छापखान्याचे उत्पन्न एकाच सामाईक निधीत जाई, आणि घरखर्चापुरती थोडी रक्कम प्रत्येकजण घेई. हातातून पुष्कळ गेले, पण आपले म्हणून त्यांनी थोडेच ठेवले. त्या थोड्यावर त्यांचा संसार चालला आणि बाकीच्यावर शास्त्राची भाषांतरे झाली.

प्रियहो, दुकान प्रभूचे, आपण कारभारी. कारभाऱ्याकडून पाहिजे ती गोष्ट म्हणजे विश्वासूपणा (१ करिंथ ४:२). उद्या सकाळी दुकान उघडताना तेलासाठी प्रार्थना जरूर करा. रात्री गल्ला मोजताना प्रत्येकाचा वाटा वेगळा काढा, आणि मग जे राहील ते उपकार मानून घरी न्या. ते थोडे असले, तरी ते आपले असेल. त्यावर मुले निर्भयपणे जेवतील, आणि दाराशी सावकार उभा नसेल.

प्रभू आपल्या हातांच्या कामास यश देवो. आमेन.