रांजण आणि कुपी

जुन्नरहून पश्चिमेस नाणेघाटाकडे गेले, की घाटमाथ्याशी एक मोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनकाळात कोकणातून देशावर येणारे व्यापाऱ्यांचे तांडे याच वाटेने चढत आणि जकातीची नाणी या रांजणात टाकीत, अशी लोकांची समजूत आहे. त्या व्यापाराने जुन्नरच्या डोंगरांवर आपली खूण ठेवली. तिथल्या बौद्ध लेण्यांत दात्यांचे लेख कोरलेले आहेत. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. स्वतःस यवन म्हणविणाऱ्या एका दात्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. बाजारात मिळविलेले धन धर्माच्या दारी आणून ठेवावे आणि तिथे आपले नाव मागे राहावे, ही माणसाची इच्छा किती पुरातन आहे, हे त्या लेखांवरून ध्यानी येते.

लेणी उतरताना आम्हांस आमचेच चर्च आठवले. तिथेही बाकांवर, पंख्यांवर, वेदीच्या पायरीवर दात्यांची नावे आहेत. आम्ही हे उपहासाने लिहीत नाही. त्यांतली काही नावे आमच्याच वाडवडिलांची आहेत, आणि त्यांनी पोटाला चिमटा घेऊन दिले होते. परंतु त्यांची नातवंडे आज सुस्थितीत आहेत. शिक्षण, नोकऱ्या, परदेशातील कमाई, जमिनीला आलेला भाव यांमुळे आपल्या अनेक धर्मग्रामांत दोन पिढ्यांत सुबत्ता आली. या सुबत्तेस आपण सहजपणे ‘देवाचा आशीर्वाद’ म्हणतो. हा शब्द आपण कोणत्या आधारावर वापरतो?

पवित्र शास्त्रात समृद्धीला आशीर्वाद म्हटले आहे, हे खरे. अब्राहामाचे कळप वाढले. ईयोबाला गेलेले सारे दुपटीने परत मिळाले. मात्र त्याच ईयोबाच्या ग्रंथात त्याचे मित्र त्याच्या विपत्तीवरून त्याचे पाप सिद्ध करू पाहतात आणि देव त्यांना खोटे ठरवितो. विपत्ती हा पापाचा पुरावा नसेल, तर संपत्ती हा पुण्याचा पुरावा कसा ठरेल? श्रद्धा ठेवा, दान द्या, देव शतपट परत करील, असे सांगणारे उपदेशक दूरचित्रवाणीवर उदंड झाले आहेत. कॅथॉलिकांनी त्यांना हसावे, तर तोच हिशेब आपल्याही मनात दडलेला असतो. नवस फेडताना तो हळूच बाहेर येतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांचा दाखला पाहा. त्या श्रीमंताने चोरी केली, असे प्रभू कुठेच म्हणत नाही. लाजरस त्याच्या दाराशी पडला होता आणि त्याला तो दिसला नाही, एवढाच त्याचा अपराध.

आपल्या दाराशी कोण आहे, हे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत लवकर समजते. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी या मुलखाचे रूप पालटले. नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात द्राक्षे, टोमॅटो, कांदा, ऊस यांनी शिवारे हिरवी झाली. ते शेतकऱ्यांच्या कष्टाचे फळ आहे. त्याबद्दल कुणी नाक मुरडू नये. पण या पाच धरणांपैकी एक घोड नदीवरील डिंभे. ज्या गावाचे नाव तालुक्याला मिळाले, ते जुने आंबेगाव याच धरणाच्या जलाशयाखाली गेले. डोंगरकुशीतील आदिवासींच्या जमिनी बुडाल्या आणि पाणी कालव्यांनी खाली गेले. पुढे त्याच विस्थापितांनी जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. गमावलेल्यातून त्यांनी पुन्हा भाकर शोधली. याच तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. सुबत्ता खाली आणि जोखीम वर, अशी ही वाटणी आहे. कालव्याकाठी उभे राहून ‘हा देवाचा आशीर्वाद’ म्हणणाऱ्याने एकदा मान वर करून पाणी कुठून आले ते पाहावे. आमच्या सुबत्तेलाही असाच एक वरचा गाव असेल. आम्ही तो कधी शोधला नाही.

मग चर्चने सुंदर असूच नये काय? इथे बेथानीतील ती स्त्री आमच्या वाटेत उभी राहते. तिने जटामांसीच्या मोलवान तेलाची कुपी फोडून प्रभूच्या मस्तकी ओतली. जटामांसी हिमालयातली, त्या काळी ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून रोमन जगात जात असे. तेलाची किंमत तीनशे दीनारांहून अधिक, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. हे विकून गरिबांना का दिले नाही, असे लोक कुरकुरले. योहानच्या शुभवर्तमानात हा प्रश्न यहूदाच्या तोंडी आहे. प्रभूने त्या स्त्रीचा पक्ष घेतला. गरीब तुमच्याजवळ नेहमीच असतील, हे त्याचे उत्तर आपण अनेकदा सोयीने वापरतो. परंतु त्या शब्दांमागे अनुवाद ग्रंथाचा पंधरावा अध्याय उभा आहे. आणि म्हणूनच गरीब बंधूसाठी हात मोकळा ठेव, अशी तिथे आज्ञा आहे.

त्या स्त्रीचे दान प्रभूने का स्वीकारले असेल? आम्हांस वाटते, कुपी तिची होती. तिने फोडली ती स्वतःची वस्तू, आणि मृत्यूच्या वाटेवर निघालेल्या एका माणसासाठी. रांजणात येणाऱ्याजाणाऱ्याचे नाणे जमते. कुपीतले आपले असते आणि ते ओतून संपते. दुसऱ्याच्या मजुरीतून वाचविलेले धन वेदीवर ठेवले, तर संत याकोबाच्या पत्रात म्हटल्याप्रमाणे ती अडवून ठेवलेली मजुरीच देवाकडे ओरडते.

ख्रिस्तसभेला हे ठाऊक आहे. तिजोरी मागणाऱ्या रोमन अधिकाऱ्यापुढे संत लॉरेन्सने गोरगरिबांना उभे केले, अशी परंपरा आहे, इ. स. २५८ मध्ये तो रक्तसाक्षी झाला. चौथ्या शतकात मिलानच्या संत अँब्रोझने बंदिवानांना सोडविण्यासाठी पवित्र पात्रे वितळविली. १६ नोव्हेंबर १९६५ रोजी, दुसरी व्हॅटिकन परिषद संपत आली असता, सुमारे चाळीस बिशपांनी रोमच्या डोमितिला भुयारी दफनभूमीत साधेपणाने राहण्याचा करार केला. आपल्याला विसर पडतो, एवढेच.

आमच्या धर्मग्रामात नूतनीकरणाची सभा भरली होती. संगमरवर कुठला घ्यावा यावर तासभर चर्चा झाली. शेवटी मागच्या बाकावरील एक वृद्ध बाई उठल्या आणि म्हणाल्या, “फादर, फरशी कुठलीही घाला. पण ती बसवणाऱ्यांना रोज किती देणार, तेवढं आधी ठरवा.” सभा गप्प झाली. त्या दिवशी आम्ही संगमरवराचा दर लिहून घेतला होता. मजुरीचा रकाना कोराच होता.

तो रकाना भरल्यावाचून आम्ही आपल्या सुबत्तेला आशीर्वाद म्हणू नये, असे आता वाटते. तो प्रामाणिकपणे भरला, तर साध्या फरशीवर टेकलेले गुडघेही देवाला पुरतील.